शिंगोजीरावांचं घुंगूर

"नरेश, बूट काढू नकोस. इथे कुणी काढत नाही," असं मी म्हणेपर्यंत एक बूट निघालासुद्धा.

तंबूत गालिचा अंथरला होता, आणि गालिचा दिसला की आमच्या नवऱ्याचा हात आपोआप नाडीकडे जातो. बाकीच्या आईबापांचे चिखलाने माखलेले बूट त्याच गालिच्यावर खुशाल विसावले होते. नरेशने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दुसराही बूट काढून जोडी तंबूच्या कडेला नीट लावून ठेवली.

"कुणाला तरी धुवावा लागेल ना तो," म्हणाला. सकाळपासूनचं हे त्याचं सगळ्यात मोठं वाक्य होतं.

बॅलीडारात, म्हणजे आम्ही राहतो त्या आयरिश गावात, दर उन्हाळ्यात केल्टिक उत्सव भरतो. समुद्राकाठच्या कुरणात तंबू ठोकतात, एकात हार्प, एकात नाच, एकात लोकरीचे स्वेटर, आणि सगळ्यात मोठ्या दंग्याचा तंबू मुलांचा. तिथे सकाळी संगीत आणि दुपारी गोष्टी. आमची चैत्राली, वय वर्षं नऊ, पहिल्या रांगेत तिच्या ईफा नावाच्या मैत्रिणीला चिकटून बसली होती. दोघींच्या तोंडात पत्र्याच्या शिट्ट्या होत्या, म्हणजे खरं तर छोट्या बासऱ्याच, पण इथे त्यांना शिट्टी म्हणतात आणि पोरांच्या हातात त्या शिट्टीसारख्याच वाजतात. आम्ही दोघं मागे गवताच्या गठ्ठ्यावर. मी दोन्ही कानांवर स्कार्फ ओढून घेतला होता. नरेश मन लावून ऐकत होता.

संगीत शिकवणारी नोरीन नावाची उंच, हसरी बाई होती. पन्नास-साठ पोरांना ती नुसत्या भुवयांवर सांभाळत होती. तिने बौरान दाखवलं. बौरान म्हणजे आपल्या डफाचा आयरिश भाऊ, फक्त छोट्या काठीने वाजवायचा. "हे बकऱ्याच्या कातड्याचं असतं बरं का," तिने सांगितल्यावर पोरांनी मोठ्या आनंदाने "ईऽऽ" केलं आणि प्रत्येकाला ते हातात हवं झालं.

नरेशबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तो स्वतः सांगणार नाही. रिंगास्किडीला औषधांच्या एका कारखान्यात गोळ्या पाकिटांत भरणारी यंत्रं आहेत, त्यांची देखभाल तो करतो. अकरा वर्षं झाली. त्याच्या साहेबाने एकदा पार्टीत माझ्याजवळ त्याचं कौतुक केलं, "नो बॉदर अ‍ॅट ऑल, नरेश." काही त्रास नाही म्हणे त्याचा. फ्रिजबद्दलही माणसं असंच बोलतात. मराठी मंडळाच्या गणपतीत तो कुठे सापडेल तर गाड्या लावून देताना, नाहीतर चहाच्या पातेल्यामागे. स्टेजच्या दिशेने कुणी त्याचं नाव घेतलं की त्याला नेमकं काहीतरी गाडीत राहिल्याचं आठवतं. भांडणसुद्धा मला एकटीलाच दोन्ही बाजूंनी करावं लागतं.

पण हाच माणूस चैत्रालीच्या खाटेवर बसला की बोलायचा. ती चार वर्षांची असताना त्याने तिला शिंगोजीराव नावाच्या बोकडाची गोष्ट सुरू केली. शिंगोजीरावांच्या गळ्यातलं घुंगूर हरवतं आणि ते शोधायला निघतात. दर रात्री नवं गाव, नवा आवाज. कधी सायकलची घंटी, कधी शाळेचा टोल, कधी कुल्फीवाल्याची किणकिण. शिंगोजीराव कान टवकारून धावत जातात, नीट ऐकतात आणि अदबीने म्हणतात, "छान आहे, पण माझं नव्हे." की पुढचं गाव. मी भांडी आवरता आवरता दाराआडून ऐकायची. आत मला प्रवेश नव्हता, गोष्ट त्या दोघांची होती.

पाच वर्षं हे चाललं. मी एकदा वैतागून म्हटलंही होतं, "अरे, सापडू दे की एकदाचं त्या बोकडाला घुंगूर. पायांचे तुकडे पडले त्याच्या."

"सापडलं की संपलं, विभा," तो म्हणाला होता.

आणि मग ह्या हिवाळ्यात एका रात्री चैत्रालीने खाटेवरूनच हात हलवला. "बाबा, आय अ‍ॅम ग्रँड. आय विल रीड माय ओन बुक." ग्रँड म्हणजे इथे भव्यबिव्य काही नाही, 'मी ठीक आहे, तू जा' एवढंच. तो "बरं" म्हणाला आणि दार ओढून घेऊन आला. तेव्हापासून जेवणं झाली की तो स्वयंपाकघरात घुटमळतो. प्रेस उघडतो, म्हणजे कपाट, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आतले डबे उगाच उंचीप्रमाणे लावतो. पोरगी मोठी होतेय, व्हायलाच हवी. मी त्याला तसं सांगितलंही. तो म्हणाला, "हो ना." पण इतके नीट लावलेले डबे मला बघवत नव्हते.

तर तंबूत संगीत संपलं आणि गोष्टीची वेळ झाली, तरी गोष्टवाली आजी येईना. ब्रीड तिचं नाव. उत्सवाच्या पत्रकावर तिचा मोठा फोटो होता. नोरीनने फोनवर बोलून जाहीर केलं की ब्रीडची गाडी कुरणाच्या तोंडाशी चिखलात रुतली आहे, ट्रॅक्टर मागवलाय, तोवर कुणा मम्मी-डॅडींना गोष्ट येते का?

सगळे मम्मी-डॅडी आपापल्या बुटांकडे बघू लागले. नरेशच्या पायांत बूट नव्हते, म्हणून त्याने मोजे बघितले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून ईफाचा हात ताडकन वर गेला. "चैत्रालीज डॅड हॅज वन! द गोट वन!"

चैत्रालीने तिला असं कोपर मारलं की मला मागे बसून कळलं.

नरेशने माझ्याकडे बघितलं. "हिला कसं माहीत?" तो हळूच म्हणाला.

मलाही माहीत नव्हतं. म्हणजे, जी गोष्ट घरात नकोशी झाली होती ती शाळेच्या मैदानात डबा खाता खाता सांगून झाली होती तर. ईफा तर सगळ्यांना ओरडून सांगत होती की तो बोकड 'क्लास' आहे, म्हणजे एकदम झकास. चैत्रालीचे कान लाल झाले होते आणि ती जमिनीकडे बघत होती. घरात ती त्याला बाबा म्हणते, मैत्रिणींसमोर डॅड. आणि मैत्रिणींसमोरचा डॅड गप्प आणि गाडी चालवणारा असलेला बरा, असं तिचं ह्या वर्षीचं मत होतं.

आता ह्याला गाडीत काहीतरी राहिल्याचं आठवणार, असं मी धरून चालले होते. नोरीन हात पुढे करून उभी होती, पोरं वळून वळून बघत होती. आणि नरेश उठला. मोज्यांवर चालत पुढे गेला आणि गोष्टवाल्या आजीच्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. पाकिटाच्या यंत्रात काही अडकलं असेल तर ते काढायला बसावं, तसा.

"देअर वॉज अ गोट," तो म्हणाला. "हिज नेम वॉज शिंगोजीराव."

आणि थांबला.

पोरं हाताची घडी घालून, ओठ मिटून, शाळेत शिकवल्याप्रमाणे अगदी शहाण्यासारखी बसली होती. नरेश थांबला तो थांबलाच. वाऱ्याने तंबूचं कापड फडफडत होतं. एका आईने घसा खाकरला. नोरीन धीर देणारं हसली. त्याला पुढचं आठवत नाहीये, असं सगळ्यांना वाटलं.

मला कळलं काय झालंय ते. तो हुंकाराची वाट बघत होता. आपल्याकडे गोष्ट सांगणारा वाक्याला थांबतो, ऐकणाऱ्याने 'हूं' म्हणायचं, मगच पुढचं वाक्य. अंधारात ऐकणारा जागा आहे की झोपला ते दुसरं कसं कळणार? त्याचे मामा असंच सांगायचे, त्यानेही चैत्रालीला तसंच सांगितलं. 'हूं' आलं नाही म्हणजे पोर झोपलं. मग उठायचं, दिवा बंद करायचा आणि पाय न वाजवता बाहेर यायचं. पाच वर्षांची सवय. आणि इथे साठ पोरांमधून एकही 'हूं' येत नव्हतं, म्हणून त्याच्या लेखी सगळा तंबू झोपला होता.

तो खरंच खुर्चीवरून उठायला लागला.

हूं मलाही म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण मी म्हटलं असतं तर तो नुसता बायकोने सावरलेला नवरा झाला असता, आणि तसे तंबूत पुष्कळ होते. त्याची नजर माझ्याकडे नव्हतीच. तो पहिल्या रांगेकडे बघत होता. मीही तिच्याच पाठीकडे बघत होते, आणि मनात म्हणत होते, अगं बोल. आत्ता गप्प बसलीस ना, तर हा माणूस पुन्हा कधी तोंड उघडायचा नाही, घरातही नाही, आणि मी जन्मभर डबे बघत बसेन.

चैत्रालीने तोंडातली शिट्टी काढली.

"हूं," ती म्हणाली.

हळू नाही, चांगलं खणखणीत. ईफाने दचकून तिच्याकडे बघितलं. मग चैत्राली अख्ख्या तंबूकडे वळली आणि चिडक्या आवाजात तिने खुलासा केला, "यू हॅव टू से हूं! ऑर ही थिंक्स यू आर अस्लीप!"

आणि साठ पोरं एकदम गरजली, "हूंऽऽ!"

नरेश खुर्चीत परत बसला, ह्या वेळी पूर्ण बसला. आणि सुटला. "तर शिंगोजीराव एकदा सकाळी उठतात आणि मान हलवून बघतात तर काय, गळा मुका!"

"हूंऽऽ!" पोरं म्हणाली. नेमकं कशाला, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"डॅड!" चैत्राली किंचाळली. "इंग्लिश!"

सगळा तंबू हसला. नरेश गोंधळला. लेकीच्या तोंडून हूं ऐकल्यावर त्याची जीभ आपली वाट धरून मराठीत गेली होती, आणि आता काही केल्या मागे येईना. त्याने प्रयत्न केला, "द नेक... द नेक वॉज..." आणि मग हात पसरून तो म्हणाला, "चैतू, शिंगोजीरावांना इंग्रजी येत नाही गं. तूच सांग ना."

तिने मोठा उसासा टाकला. माझ्या आईचा उसासा, जसाच्या तसा. उठली, खुर्चीच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि इथल्या कॉर्क भागातल्या हेल काढणाऱ्या बोलीत सुरू झाली, "सो यर मॅन द गोट वेक्स अप, अँड हिज बेल इज गॉन." यर मॅन म्हणजे 'तो आपला अमका'. आमचे शिंगोजीराव एका वाक्यात बॅलीडाराचे रहिवासी झाले.

पुढे काय झालं ते मी नीट क्रमाने सांगू शकणार नाही, कारण मी हसत होते. नरेशने सायकलची घंटी आणली तर मागच्या मुलांनी शिट्ट्या वाजवल्या. शाळेचा टोल आला तेव्हा कुणीतरी दोन चमचे एकमेकांवर आपटले. कुल्फीवाला आला आणि नोरीनने स्वतः हार्पच्या वरच्या तारा छेडल्या, इतक्या गोड की नरेशही थांबून ऐकायला लागला. मग मान हलवून म्हणाला, "छान आहे, पण माझं नव्हे." चैत्रालीने भाषांतर केलं, "लव्हली, बट नॉट माइन, थँक्स," आणि हे वाक्य पोरांनी उचललं ते उचललंच. प्रत्येक आवाजानंतर साठ तोंडांतून तेच. तो मराठीत जेवढं सांगत होता त्याहून ती इंग्रजीत जास्त सांगत होती, हे फक्त मलाच कळत होतं. शिंगोजीराव बसमध्ये कधी बसले नव्हते, तिने बसवले. ड्रायव्हरशी हवापाण्यावर गप्पाही मारायला लावल्या.

मधेच बौरान मांडीवर घेऊन बसलेल्या, पुढचे दात पडलेल्या एका मुलाने हात वर केला. त्याचा चेहरा गंभीर होता. त्याने बौरानवर बोट ठेवलं आणि विचारलं, "मिस्टर... इज धिस हिम?"

हार्प थांबली. नोरीनने डोळे मिटून घेतले. मघाशी बकऱ्याच्या कातड्याचं कौतुकाने सांगणारी तीच होती. दोन छोट्या मुलींचे ओठ थरथरायला लागले, आणि मी मनात म्हटलं, झालं, आता साठ पोरं रडणार आणि आम्हाला गाव सोडावं लागणार.

नरेश उठला. मोज्यांवर चालत त्या मुलापाशी गेला, गुडघे टेकून बसला आणि त्याने बौरानला कान लावला. बोटाने एकदा टकटक केलं. पुन्हा कान लावला.

"नाही," तो म्हणाला. "हा त्यांचा काका. फार गाणारा होता."

चैत्राली आधी फिसकन हसली, मग तोंड सरळ करून तिने सांगितलं, "नो. 'टिस हिज अंकल. ही वॉज फियर्स म्युझिकल."

आयरिश माणसाला मयताचा विनोद आवडतो हे ऐकून होते, पण असं हसणं मी इथे अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं. बाप लोक एकमेकांच्या खांद्यावर डोकी ठेवून हसत होते. तो दात पडलेला मुलगा बौरानला मिठी मारून बसला आणि काकांना पुन्हा कुणाच्या हाती देईना.

ह्या गोंधळात तंबूच्या दारात ब्रीड आजी आली. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात टोपी. "सॉरी, सॉरी ऑल, द कार—" एवढं म्हणून ती दम घ्यायला थांबली, तर साठ पोरांनी तिला "हूंऽऽ!" केलं. बिचारी दोन पावलं मागे गेली. कुणीतरी तिच्या कानात काय चाललंय ते सांगितलं, तेव्हा ती माझ्या शेजारी गठ्ठ्यावर येऊन बसली. नोरीनने खुर्चीकडे खूण केली, तर तिने चिखलाचा हात हलवला. आधी बोकड होऊ दे, म्हणाली.

पण नरेशने तिला पाहिलं होतं. दुसऱ्याची खुर्ची एक मिनिटही जास्त अडवायची नाही, हा त्याचा स्वभाव. तो उठून उभा राहिला. तसा पोरांनी गलका केला. घुंगूर कुठाय? घेतलं कुणी? डिड ही फाइंड इट? मिस्टर, डिड ही फाइंड इट? ईफा तर गुडघ्यांवर उभी राहून विचारत होती.

आणि माझं हसू थांबलं. ह्या गोष्टीला शेवट नव्हता. पाच वर्षांत त्याने तो केला नव्हता, मुद्दामच केला नव्हता. आता साठ पोरं आणि त्यांचे आईबाप त्याच्या तोंडाकडे बघत होते. शेवट सांगणं काही अवघड नव्हतं. कुठल्याही झुडपात घुंगूर सापडवता आलं असतं, टाळ्या पडल्या असत्या, सगळे खूश. आणि शिंगोजीराव त्या कुरणात कायमचे संपले असते.

तो चैत्रालीकडे वळला. थोडा वाकला. आवाज खाली आणून, पण मला ऐकू येईल एवढा, त्याने मराठीत विचारलं, "काय करू गं चैतू? सापडू दे?"

तंबू भाषांतराची वाट बघत होता. तो काय म्हणाला हे तिथे तीनच माणसांना कळलं होतं, त्यातली दोघं पुढे उभी होती आणि तिसऱ्या मला मधे बोलायचा हक्क नव्हता. चैत्रालीने त्याच्याकडे पाहिलं. शिट्टी ह्या हातातून त्या हातात घेतली. मग पोरांकडे तोंड केलं.

"ही सेज," ती अगदी स्पष्ट आवाजात म्हणाली, "शिंगो इज स्टिल लुकिंग. ही विल बी एजेस."

अजून शोधतोय. खूप वेळ लागेल त्याला.

"ऑऽऽ," पोरं कळवळली. मग टाळ्या, शिट्ट्या आणि काका, सगळं एकदम वाजायला लागलं. नरेशने लोकांकडे बघून गंभीरपणे मान डोलावली. आपण बोललो ते लेकीने शब्दाला शब्द सांगितलं, असाच त्याचा चेहरा होता. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. शेजारी ब्रीड आजीने विचारलंही नाही, नुसता कागदी रुमाल पुढे केला, त्यालाही चिखल लागलेला.

चैत्राली जागेवर जाऊन बसली आणि लगेच ईफाशी कुजबुजायला लागली, बापाकडे न बघता. तो तिच्या मागून निघाला तेव्हा तिने मान न वळवताच हात मागे केला, त्याच्या स्वेटरचं टोक मुठीत धरलं आणि सोडून दिलं.

तो येऊन माझ्या शेजारी बसला. मी थर्मासमधला चहा ओतून दिला. पुढे ब्रीड आजी खुर्चीत सावरून बसत होती.

"काय झालं मग त्या घुंगराचं?" मी मुद्दामच विचारलं.

नरेशने चष्मा काढून स्वेटरच्या त्याच टोकाने पुसला.

"शोधतोय अजून," तो म्हणाला.